लांबडीला क्लच बसवला त्या वर्षी

सगळ्यात आधी आमच्या दाजींचं नाव लिहून घ्या. किसन जाधव. माझ्या थोरल्या बहिणीचे, शांताआक्काचे यजमान. बाकीचं तुम्ही पुढंमागं लावून घ्या, मला सरळ सांगता येत नाही, एकातून दुसरं निघतं. पण हे नाव वर राहू द्या. हा माणूस नसता तर मी आजही सायखेड्याच्या स्टँडवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या एस.ट्या बघत बसलो असतो, दुसरं काही नाही.

मी अशोक पगारे. मूळ गाव सायखेडा, गोदावरीच्या काठाला. बाप दुसऱ्याच्या मळ्यात कामाला, आई पण त्याच मळ्यात. मी चालायला लागलो होतो म्हणतात, मग ताप आला, आणि ताप गेला तो डावा पाय घेऊनच गेला. पोलिओ हा शब्द आम्हाला नंतर कळला, तेव्हा आई म्हणायची पोराला वारं लागलं. पाय आहे, नाही असं नाही, पण बारीक, त्यात जोरच नाही. चालायचं तर डाव्या हातानं मांडी दाबायची, तेव्हा तो पाय टेकतो, मग उजवा उचलायचा. तुम्ही बघितलंच की आता, मी दारातून आलो तसं. आई मला कडेवर घेऊन शाळेत सोडायची. मी मोठा होत गेलो, आई तेवढीच राहिली, तिच्या कडेवर मी मावेना. मग शाळा बुडायला लागली.

तेव्हा दाजी दिवाळीला आले होते. ते माझ्या आईला मामी म्हणायचे. म्हणाले, मामी, याचा पाय बिघडलाय, डोकं नाय बिघडलं. डोकं मी देवळालीला घेऊन जातो, पाय तुमच्याकडं राहू द्या. सगळे हसले, आई हसता हसता रडली, आणि दुसऱ्या दिवशी दाजींनी मला उचलून एस.टी.त बसवलं. तेव्हापासून मी देवळाली कॅम्पातला.

दाजी तिथं मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. शेठ हवापालट करायला यायचा, वर्षातून काही महिने, बाकी बंगला दाजींनीच सांभाळायचा. मागे एक खोली, त्यात दाजी, आक्का, त्यांची दोन पोरं आणि मी. रोज सकाळी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचे, आणि पुढं कॉलेजलाही. कॉलेजला जायची लाज वाटायची हो, मिसरूड फुटलेला घोडा दाजींच्या सायकलवर मागे, पोरी बघतायत, मी म्हणायचो दाजी मला अलीकडंच उतरवा, तर म्हणायचे, का, मी काळा दिसतो का? दाजी स्वतः चौथी शिकलेले. वाचतात, पण बोट लावून, एकेक अक्षर. मी बी.ए. झालो त्या दिवशी सगळ्या बाजारात सांगत फिरले, आमच्या घरात आता सही करायला माणूस हाय. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि ती पदवी सायकलवर आणलेली आहे, माझ्या पायांनी नाही.

पदवीचं काय झालं ते विचारू नका. अर्ज केले, परीक्षा दिल्या, शेवटी अपंगांच्या कोट्यातून एस.टी.डी. बूथ मिळाला, कॅम्पाच्या बाजारात. तोफखान्याचे जवान संध्याकाळी रांग लावून घरी फोन करायचे. कोण पंजाबचा, कोण केरळचा, भाषा कळायची नाही पण काचेतून तोंड दिसायचं, त्यावरून कळायचं घरी बरं आहे का वाईट आहे. तो बूथ मोबाईलनं खाल्ला. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, सुनंदाशी, ती अंगणवाडीत. मी घरी बसून राहायला लागलो, कोणाशी बोलेना, दाढी करेना. तेव्हा दुसऱ्यांदा दाजी आले.

आता गाडीचं सांगतो. शेठ म्हातारा झाला, पोरं परदेशात, बंगला विकला आणि जाताना गाडी दाजींना देऊन गेला. जुनी अमेरिकन गाडी. पांढरी, लांबच लांब, मागच्या बाजूला माशाच्या पंखासारखे दोन पंख. कॅम्पात सगळे तिला लांबडी म्हणायचे. दाजी तिला लग्नाच्या वरातीला भाड्यानं न्यायचे. पण त्यांच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला होता, उजेड समोर आला की दिसेना. मला म्हणाले, चल, ही तू घे. मी म्हणालो, दाजी, चेष्टा करता का गरिबाची, मला कुठली गाडी चालवता येते? तर त्यांनी दार उघडलं, मला खाली बघायला लावलं. म्हणाले, पेडल किती? दोन. एक ब्रेक, एक ॲक्सिलेटर. हिला क्लचच नाय. ही आटोमेटिक हाय. अरे बाबा, ही गाडी अमेरिकेतून तुझ्यासाठी निघाली होती, वाटेत शेठकडं थांबली एवढंच.

रविवारी सकाळी कॅम्पातले रस्ते मोकळे असतात, तिथं शिकलो. सगळं उजव्या पायानं. डावा पाय आपला खाली फरशीवर निवांत पडलेला. लायसन्स मिळालं, त्यावर तसा शेरा आहे, फक्त आटोमेटिक. आणि काय सांगू तुम्हाला, ज्या दिवशी पहिल्यांदा एकटा बाजारातून गाडी नेली ना, त्या दिवशी कोणी मला लंगडा म्हणालं नाही. दिसेल कसा? स्टिअरिंगमागं बसलेल्या माणसाचे पाय कोणाला दिसतात? छातीपर्यंत माणूस दिसतो, तो सगळ्यांसारखाच असतो. लोक गाडीकडं बघायचे, मग माझ्याकडं बघायचे, आणि त्या बघण्यात कीव नसायची. मी जन्मात पहिल्यांदा तसं बघणं बघितलं. लोकांना वाटतं मी गाडीवर पोट भरलं. पोट तर बूथवरही भरत होतं.

आणि वरात म्हणाल तर ती गाडी वरातीसाठीच केलेली. आपल्याकडं वरात कशी चालते तुम्हाला माहीत आहे, पुढं बँड नाहीतर डी.जे., मध्ये नाचणारी पोरं, मागं नवरदेव. चार पावलं पुढं, दोन मागं. बैलसुद्धा वैतागेल. पण ही लांबडी, हिचा स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा ड्राइव्हला टाकायचा आणि ब्रेकवरचा पाय थोडा हलका करायचा, की ती आपोआप सरकते, मुंगीच्या चालीनं. ब्रेक दाबला की थांबते. नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीचं लिंबूसुद्धा हलायचं नाही. जयंतीच्या मिरवणुकीला पण मीच न्यायचो, पुढं निळे झेंडे, गाडीवर फोटो, आणि गाडी चालवणारा सायखेड्याच्या मजुराचा पोरगा. आईनं ते एकदा बघितलं. मग ती गेली. बरं झालं बघून गेली.

तर अशी कितीतरी वर्षं गेली. आक्का वारली, दाजी थोरल्या मुलाकडं मनमाडला राहायला गेले. आता त्यांचे कान पार गेलेत, फोनवर काही कळत नाही, म्हणून मी त्यांना पत्र लिहितो, मोठ्या अक्षरात, ओळीत चारपाच शब्द, म्हणजे बोट लावून वाचता येतं. पोस्टमन मला हसतो, म्हणतो पगारे, आता पत्रं फक्त कोर्ट पाठवतं आणि तुम्ही.

मग मागच्या तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला आणि नाशिकरोडच्या एका वरातीत लांबडी अडली. दांडा ड्राइव्हला, इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. परत न्यूट्रल, परत ड्राइव्ह, नुसता आवाज. मागं नवरदेव फेटा बांधून बसलेला, पुढं वरात निघून चाललेली. नवरदेवाचा मामा खिडकीत आला, म्हणाला, काय ड्रायव्हर, आम्ही नवरदेवाला बसवायला गाडी सांगितली का ढकलायला? मग ढकललीच. दहाबारा जण मागून, आणि मी स्टिअरिंगवर. मला उतरायची हिंमत होईना. उतरलो तर म्हणतील, अरे, याच्यामुळंच बंद पडली.

गाडी सातपूरला नेली, निसारभाईंकडं. जुन्या गाड्यांचं काम करणारे, तोंडानं मोठे, पण काम चांगलं. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, उघडला, आणि तेल बघून म्हणाले, पगारेभाऊ, हे तेल नाय, काजळ हाय. आतल्या चकत्या जळून गेलेल्या, पट्टे झिजलेले. मी म्हणालो, मागवा की सामान. तर म्हणाले, सामान कदाचित येईल समुंदर पार करून, पण लावणार कोण? मी आटोमेटिक खोलतो, जोडत नाय. मुंबईला एक म्हातारा होता, तो वारला. पुण्याला विचारलं, ते म्हणाले आम्ही नव्या गाड्यांचे करतो. एकानं होय म्हणून गिअरबॉक्स ठेवून घेतला, आणि बऱ्याच दिवसांनी परत पाठवून दिला, होता त्यापेक्षा चार वस्तू कमी.

मग निसारभाईंनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. ते चहा मागवतात तेव्हा बातमी वाईट असते. म्हणाले, दोनच रस्ते. एक, गाडी विका, पुण्यामुंबईचे शौकीन आहेत, ते हिला हॉलमध्ये शोभेला ठेवतील. दोन, हिला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवतो. जीपचा मिळतो, मजबूत असतो, जन्मभर बघायला नको. क्लच येईल, गिअरचा दांडा खाली येईल, गाडी पन्नास वर्षं पळेल. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं आणि मान फिरवली. म्हणाले, भाऊ, मला माहीत आहे मी काय बोलतोय.

म्हणजे बघा, गाडी वाचवायची तर मला तिच्यातून उतरायचं. मी बसून राहायचं तर गाडी मरणार. असा तो सौदा.

घरी आलो, बसनं. कितीतरी वर्षांनी सातपूर ते कॅम्प बसनं. त्या पायऱ्या, कंडक्टर म्हणतो चला लवकर, मग माझ्याकडं बघतो आणि ओरडतो, ए, अपंगाला जागा द्या रे. सगळी बस बघते. मी विसरलो होतो हे सगळं.

सुनंदा म्हणाली, अहो, विकून टाका. लोखंडच आहे ते. मी जेवलो नाही. ती म्हणाली, मी काही वाईट बोलले का? मी म्हणालो, तू बरोबर बोललीस म्हणूनच घास जात नाही. ती म्हणाली, दाजींना विचारा. मी पत्र लिहायला बसलो आणि लिहिता येईना. काय लिहू? की दाजी, ज्याच्यासाठी तुम्ही मला गाडी दिलीत तेच मी तिच्यातून काढून टाकतोय? कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. मग निसारभाईंना फोन केला, म्हणालो, बसवा. हॉलमध्ये ठेवलेली गाडी मला बघवणार नाही, मी फोटोला हार घालतो तसं वाटेल ते.

काम बरेच आठवडे चाललं. मी रोज जाऊन बसायचो, सुनंदा म्हणायची, दवाखान्यात पेशंट ठेवल्यासारखं काय जाता? खरंच तसं होतं. भंगारातून जीपचा गिअरबॉक्स आणला. तो इंजिनाला बसेना, मधे जोडायला जाड प्लेट लागली, ती शेजारच्या लेथवर कापून घेतली. मागं चाकांकडं फिरणारा लांब शाफ्ट, तो आखूड पडला, तोडून जोडून घेतला. फरशीला भोक पाडलं, त्यातून गिअरचा दांडा वर आला. आणि मग एक दिवस निसारभाई खाली झोपून ब्रेकच्या डाव्या बाजूला खुणा करायला लागले. तिथला गालिचा झिजलेला होता, टाचेच्या आकाराचा. माझ्याच टाचेच्या. इतकी वर्षं तो पाय तिथं झोपला होता ना. निसारभाईंनी तो तुकडा कापला आणि मला विचारलं, ठेवायचा का? मी म्हणालो, टाका. संध्याकाळपर्यंत तिथं क्लचचं पेडल उभं राहिलं, काळंभोर, नवीन रबर लावलेलं. माझा पाय जिथं निवांत पडायचा तिथं लोखंडाचा पाय उगवला.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. वर्कशॉपच्या आवारात बसलो, डावा पाय उचलून पेडलवर ठेवला, दोन्ही हातांनी मांडी दाबली. पेडल गेलं खाली! निसारभाई ओरडले, शाब्बास! पण दोन्ही हात मांडीवर, गिअर कोण टाकणार? निसारभाईंनी वाकून खिडकीतून गिअर टाकला. मग पेडल हळूहळू सोडायचं असतं म्हणतात. माझी मांडी हळूहळू काही करत नाही. ती एकदम सुटली, गाडीनं उडी मारली आणि टायरच्या ढिगात घुसली. निसारभाई बाजूला झाले म्हणून वाचले. म्हणाले, काही नाय, टायरला काय होतंय. मग हाताचा क्लच करून बघितला, स्कूटरसारखा, स्टिअरिंगजवळ लिव्हर. छोट्या गाड्यांना तो चालतो, पण जीपचा क्लच एवढा जड, दोनदा दाबला की हात थरथरायचा, तिसऱ्यांदा केबलच तुटली. मी म्हणालो, निसारभाई, राहू द्या. त्यांनी लिव्हर काढून घेतली, माझ्याकडं पाठ करून, म्हणजे मला त्यांचं तोंड दिसू नये म्हणून.

मग ड्रायव्हर ठेवला. बबनराव, एस.टी.तून रिटायर झालेले. बोलायला वाघ. पगारे, मी सप्तशृंगीच्या घाटात बस उलटी घेतलेली आहे, तुमची गाडी काय चीज आहे! पहिली वरात सातपूरलाच, कॉलनीतली. बबनराव स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागं नवरदेव. डी.जे. सुरू. चार पावलं पुढं, दोन मागं. बबनराव क्लच अर्धा दाबून गाडी सरकवतायत, थांबवतायत, परत सरकवतायत. घाटात बस पळवणं वेगळं. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळाला घाम आला. म्हणाले, पगारे, ही गाडी चालवणं नाय, गाडी धरून ठेवणं हाय. मला वास आला, रबर जळाल्यासारखा. मग खालून धूर यायला लागला. आधी थोडा, मग पांढरा लोट.

आणि लोकांनी काय केलं माहीत आहे? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं एंट्रीचा धूर आहे. हल्ली असतो ना, नवरानवरी येताना मशिननं सोडतात. कोणीतरी ओरडलं, आयला, गाडीतूनच सोडलाय, भारीये! मोबाईल वर झाले, डी.जे.वाल्यानं आवाज वाढवला, पोरं धुरात घुसून नाचायला लागली. मागं नवरदेव खोकतोय, सेहऱ्यातून डोळे पुसतोय, आणि मला विचारतोय, काका, हे पॅकेजमध्ये होतं का? मी त्याला काय सांगू? गाडी बंद पडली. परत ढकलली. त्या वेळी मी उतरलो, ढकलणाऱ्यांच्या मागून मांडी दाबत चालत गेलो, आणि माझी गाडी माझ्यापेक्षा जोरात पुढं जात होती.

दुसऱ्या दिवशी निसारभाईंनी खोललं. क्लचप्लेट पापडासारखी, हातात चुरा. ते बघत बसले आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. म्हणाले, वरात! पगारेभाऊ, आपण वरातीचा विचारच नाय केला! मॅन्युअल गाडी वरातीच्या चालीनं चालवायची म्हणजे क्लच अर्धा दाबूनच धरायचा, जळणारच तो. मी गिअरबॉक्स बघितला, शाफ्ट बघितला, ब्रेक बघितले, आणि गाडी कशाला लागते तेच विसरलो. मी पण विसरलो होतो की. इतक्या वरातीत मीच होतो ना. पण मी माझ्या पायाचा विचार करत होतो, गाडी कशी चालते याचा नाही. दोघं नाशिकचे, जन्मभर वरातीत नाचलेले, आणि दोघांनाही वरात आठवली नाही. सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, नवऱ्या पोराला तरी विचारायचं होतं, त्याला आठवली असती.

तेव्हा मी खरा खचलो. आता गाडी पण गेली आणि बसायची जागा पण. निसारभाई म्हणाले त्या शौकिनांपैकी एक पुण्यावाला फोन करत होता, मी त्याला या म्हणायला तोंड उघडलं आणि फोन ठेवून दिला. पुढची वरात ठरलेली, पोरीच्या बापानं पत्रिकेच्या आधी माझी गाडी सांगितलेली, त्याला नाही म्हणायचं कसं?

निसारभाईंनी नवी क्लचप्लेट बसवली, पण तीही जळणारच. तर बबनराव म्हणाले, पगारे, मला तुकड्यातुकड्यानं चालवू द्या. पुढं मोकळी जागा मिळाली तर मी क्लच पूर्ण सोडून एका दमात जातो, थांबतो, न्यूट्रल करतो. परत जागा झाली की परत. क्लच जळायचा नाय. पण नाचणारी पोरं नवरदेवाकडं मागं मागं येतात, त्यांना कोणीतरी धरून ठेवायला पाहिजे. नवरीकडच्या दोन धट्ट्याकट्ट्या माणसांना पुढं ठेवलं. पाच मिनिटांत पोरांनी त्यांच्या कॉलरी धरल्या. नाचणाऱ्याला कोणी अडवलेलं चालत नाही, त्यातून थोडी घेतलेली. गाडीला जागा मिळेना, बबनराव परत क्लच दाबून धरायला लागले, मला परत तो वास आला.

मग मी उतरलो. मी ठरवून उतरलो असं नाही, तो वास मला सहन होईना. मांडी दाबत गाडीच्या पुढं आलो, पोरांच्या आणि गाडीच्या मधे उभा राहिलो आणि हात आडवा केला. आणि पोरं थांबली. तुम्हाला कळतंय का मी काय सांगतो ते? ज्यांनी धडधाकट माणसांच्या कॉलरी धरल्या ती पोरं माझ्यासमोर थांबली. लंगड्याला कोण धक्का देईल? एकानं दुसऱ्याला सांगितलं, ए, काकांना लागेल, सरक पुढं. ज्या कीवेपासून मी इतकी वर्षं काचेमागं लपलो, तीच माझ्या कामाला आली. पोरं पुढं सरकली, जागा झाली, मी हात हलवला, मागून बबनराव गाडी घेऊन आले आणि माझ्या मागं थांबले. परत. परत. त्यात एक पोरगा दारू प्यालेला, त्यानं काय केलं, माझ्यासारखी मांडी दाबली आणि डी.जे.च्या ठेक्यावर लंगडत नाचायला लागला. त्याचं बघून आणखी दोघं. सगळे हसले. माझ्या डोळ्यापुढं अंधार आला. वाटलं इथंच बसावं रस्त्यात. पण मागं गाडी होती, गाडीत नवरदेव होता. मी त्या लंगडत नाचणाऱ्या पोराला म्हणालो, नाच बाबा, चांगला नाचतोस, पण पुढं सरकून नाच. तो लाजला की नाही माहीत नाही, पण सरकला.

हॉलपर्यंत नेली. गाडीला धूर नाही. बबनराव उतरले, मला बाटलीतलं पाणी दिलं. उजवा पाय, चांगला पाय, तो लाकडासारखा झाला होता, सगळा भार त्यानंच घेतला ना. दोन दिवस उठवलं नाही.

तसाच सगळा सीझन काढला. आता लोक मला ओळखतात, गाडीपुढं चालणारे काका. डॉक्टर म्हणतात उजव्या गुडघ्याला हे झेपणार नाही, फार दिवस नाही झेपणार. मलाही माहीत आहे. जोपर्यंत होतंय तोपर्यंत. निसारभाईंचं भलं होवो, बबनरावांचं भलं होवो, त्या नाचणाऱ्या पोराचाही संसार सुखाचा होवो, मला कोणाबद्दल काही नाही. फक्त दाजींना सांगायचं राहिलं होतं. ते परवा लिहिलं. तुम्ही म्हणालात वाचून दाखवा, तर हे घ्या, मी नक्कल ठेवली होती, जशी आहे तशी उतरवून घ्या.

ती. दाजी यांना अशोकचा सप्रेम जय भीम.

तब्येतीला जपा. डोळ्यांत औषध घालत जा. सुनंदा मजेत आहे.

दाजी, लांबडीचा जुना गिअरबॉक्स गेला. पुष्कळ ठिकाणी फिरलो. झाला नाही. आता तिला जीपचा बसवला आहे. त्याला क्लच असतो. म्हणून मी आता गाडी चालवत नाही. बबनराव म्हणून चांगले गृहस्थ आहेत, ते चालवतात. मी वरातीत गाडीच्या पुढे चालतो. माणसं बाजूला करतो. तुम्हाला हे आधी कळवायला पाहिजे होतं. कळवायचा धीर झाला नाही.

तुम्ही रागावणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही रागावला असता तर बरं वाटलं असतं.

पाय दुखतो. खोटं लिहीत नाही. पण गाडी उभी नाही, चालू आहे. इंजिन अजून तुमच्या वेळेसारखंच बोलतं.

या रविवारी आम्ही मनमाडला येतो. गाडी घेऊन. बबनराव चालवतील. तुम्ही तयार राहा, पांढरा शर्ट घाला. आपण दोघं मागे बसू. इतकी वर्षं ती गाडी तुम्ही चालवली, मग मी चालवली, पण मागच्या सीटवर आपल्यापैकी कोणीच कधी बसलं नाही. ती सीट कशी आहे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसेल. बघू या.

तुमचा,
अशोक